सुरुवात जुळते, शेवट सुटतो: नाटकाचा सिंक कापण्याआधी मोजा

प्रश्न थोडक्यात असा. दादरच्या एका नाट्यगृहात हौशी संस्थेच्या नाटकाचं चित्रण झालंय. मागे मधल्या वाटेत मिररलेस कॅमेरा, पहिल्या रांगेच्या कडेला स्टँडवर अँड्रॉइड फोन, आणि आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही क्लिपा वेव्हफॉर्मवरून, म्हणजे आवाजाच्या आलेखावरून, सिंक केल्या (एकमेकींशी जुळवल्या), सुरुवात चोख जुळली. पण ५५ मिनिटांचा पहिला अंक संपेपर्यंत फोनचं चित्र आवाजापासून जवळपास पाऊण सेकंद हुकतं आणि कॅमेऱ्याचं तीन फ्रेम (व्हिडिओतली सुटी चित्रं). सध्या दर दोन-तीन मिनिटांनी आवाज कापून थोडा थोडा सरकवणं चालू आहे. हे असंच करतात, की मुळात काही चुकतंय? आणि टाइमकोडची, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या क्लिपांवर एकच वेळ नोंदवणारी, यंत्रं घ्यावीत का?

असं करत नाहीत. तुमची मेहनत वाया चालली आहे, आणि आवाजात जागोजागी सांधे पडताहेत ते वेगळंच. खरी अडचण सिंक लागत नाही ही नाहीच. लागलेला सिंक टिकत नाही ही आहे. या दोन तक्रारींची औषधं पूर्ण वेगळी आहेत. सॉफ्टवेअरमधलं सिंक्रोनाइझचं बटण फक्त एक काम करतं: दोन क्लिपा एकमेकींच्या मानाने किती पुढे-मागे ठेवायच्या ते शोधून ठेवतं. एकदा ठेवल्यावर दोन्ही क्लिपा सारख्याच वेगाने चालतील असं ते गृहीत धरतं. तुमच्याकडे तेच होत नाहीये. म्हणून ते बटण पुन्हा पुन्हा दाबून किंवा दुसरं सॉफ्टवेअर घेऊन काही साधणार नाही.

कात्री खाली ठेवा आणि आधी मोजा. सिंक किती हुकला यापेक्षा तो कसा हुकत गेला, हे जास्त बोलकं असतं. अंकाच्या सुरुवातीला, १५ मिनिटांवर, ३० वर, ४५ वर आणि शेवटी अशा पाच जागा पकडा. प्रत्येक ठिकाणी चित्रात स्पष्ट दिसणारा आणि आवाजात टोकदार ऐकू येणारा एक क्षण शोधा. टेबलावर पेला ठेवला, दार आपटलं, कुणी कुणाच्या पाठीवर थाप मारली, काहीही चालेल. असं काही नसेल तर ओष्ठ्य अक्षरं कामाला येतात. प आणि ब म्हणताना ओठ आधी पूर्ण मिटतात आणि सुटताना वेव्हफॉर्मवर लहानसा टोचा उमटतो. ओठ सुटल्याचा फ्रेम आणि तो टोचा यांच्यातलं अंतर फ्रेममध्ये मोजून कागदावर लिहा. च, ल, न यांच्या वाटेला जाऊ नका. चेहरा जवळून दिसत असला तरी त्यांचा नेमका क्षण सापडत नाही.

आता ते पाच आकडे बघा. सगळीकडे सारखेच असतील तर तो ड्रिफ्ट, म्हणजे हळूहळू वाढत जाणारा फरक, नव्हे, नुसतं अंतर आहे; एकदा सरकवलं की संपलं. सारख्या चालीने वाढत असतील, म्हणजे ०, १, १, २, ३ असे, तर दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालताहेत. मध्येच एकदम उडी असेल आणि उडीनंतर आकडा स्थिर राहत असेल तर फाइल तुटली आहे किंवा फ्रेम गळल्या आहेत. आणि आकडे वेडेवाकडे असतील, कुठे भरभर वाढलेले, कुठे थांबलेले, तर फोनचा बदलता फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या फ्रेमांची बदलती संख्या. एक फसवा प्रकार असाही दिसतो की सुरुवात आणि शेवट दोन्ही जुळतात, पण मधला भाग हुकलेला असतो. तोही बदलत्या फ्रेमरेटचाच: सॉफ्टवेअरने सगळ्या फ्रेमांची सरासरी काढून त्या सारख्या अंतरावर मांडलेल्या असतात.

किती हुकलं यावरूनही बराच उलगडा होतो. दोन साध्या उपकरणांच्या क्वार्ट्झ घड्याळांतला फरक दहा लाखात काही दहा भाग एवढाच असतो. दहा लाखात एक म्हणजे तासाला ३.६ मिलिसेकंद. तुमच्या कॅमेऱ्याचे तीन फ्रेम म्हणजे, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात, १२० मिलिसेकंद. ५५ मिनिटांत १२० मिलिसेकंद म्हणजे दहा लाखात साधारण ३६. हा अगदी नेहमीचा आकडा आहे. कॅमेरा बिघडलेला नाही, रेकॉर्डरही नाही. पण फोनचे पाऊण सेकंद म्हणजे दहा लाखात २२० च्या पुढे. घड्याळं एवढी चुकत नाहीत. तिथे दुसरं काहीतरी आहे.

याच हिशेबात आणखी दोन आकडे लक्षात असू द्या. तासाला ३.६ सेकंद हुकत असेल तर कुठेतरी २४ आणि २३.९७६ किंवा ३० आणि २९.९७ यांची गल्लत आहे. तो फरक बरोबर ०.१ टक्का असतो. आणि मिनिटाभरातच आवाज पाच सेकंद आधी संपत असेल, शिवाय नटांचे आवाज किंचित बारीक येत असतील, तर ४४.१ किलोहर्ट्झवर घेतलेली फाइल ४८ ची समजून वाजवली जातेय. आजची सॉफ्टवेअरं हे बहुधा आपोआप सांभाळतात, पण मधल्या कुठल्या रूपांतरात हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती, चुकला तर घडतं. तुमच्याकडे या दोन्हींपैकी काही दिसत नाही.

फोनकडे येऊ. फोन चित्र घेतो तेव्हा सेकंदाला बरोबर ३० फ्रेम घेतोच असं नाही. उजेड कमी झाला की एक्स्पोजर लांबवण्यासाठी तो फ्रेमरेट खाली आणतो, तापला की आणखी गोंधळतो. प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का असतो, त्यामुळे फोनवर किंवा व्हीएलसीमध्ये बघताना सगळं जुळलेलं दिसतं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र ठरलेल्या चालीच्या फ्रेम लागतात. त्याने शिक्के न बघता नुसत्या फ्रेम मोजल्या की चित्र आणि आवाज वेगळे होतात. नाटकात तर प्रकाशयोजनाच याला खतपाणी घालते. रात्रीचा निळा प्रवेश, एका स्पॉटमधलं स्वगत, ब्लॅकआउट अशा जागी फोन मंदावतो. तुमचे पाच आकडे काळोख्या प्रवेशांच्या आसपास भरभर वाढले असतील तर शंकाच ठेवू नका.

खात्रीची चाचणी दोन मिनिटांची आहे. टाइमलाइनवर रेकॉर्डरचा आवाज बंद करा आणि फोनच्या क्लिपचा स्वतःचा आवाज लावून शेवटची दोन मिनिटं बघा. फोनचं चित्र फोनच्याच आवाजाशी हुकत असेल तर दोष फ्रेमरेटचा. फोनचं चित्र आणि फोनचा आवाज एकमेकांशी जुळलेले, पण दोघं मिळून रेकॉर्डरपासून हुकलेले असतील तर दोष घड्याळाचा. बरेच जण ही चाचणी टाळतात, कारण फोनचा आवाज फुटका म्हणून सिंक होताच पहिल्यांदा तो ट्रॅक उडवलेला असतो. उडवू नका, म्यूट करा. शेवटचा एक्सपोर्ट होईपर्यंत तोच तुमचा साक्षीदार. शिवाय मीडियाइन्फो नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाकून बघा. फ्रेमरेट मोडपुढे व्हेरिएबल लिहिलेलं असेल, आणि सहसा खालीच सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त फ्रेमरेटही दिलेले असतात.

इलाज म्हणजे क्लिप एडिटमध्ये घेण्याआधीच स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घेणं. हँडब्रेक हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि पुरेसा आहे, पण त्यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, त्याच्या नेहमीच्या प्रीसेटमध्ये ३० असं लिहिलेलं असलं तरी खाली पीक फ्रेमरेट निवडलेला असतो. त्याचा अर्थ ३० पर्यंत, बदलता. तो बदलून कॉन्स्टंट करावा लागतो, नाहीतर तासभर मशीन तापवून तीच रडकथा परत हातात येते. दुसरं, क्रॉपिंग ऑटोमॅटिकवर असतं. काळ्या विंगा आणि अंधारा रंगमंच बघून प्रोग्रॅम चित्राचा काही भाग काळी पट्टी समजून कापू शकतो, म्हणून क्रॉप बंद ठेवा. तिसरं, आवाज ४८ किलोहर्ट्झवर आहे ना ते बघा. क्वालिटीचा आरएफ हा आकडा १६ ते १८ च्या दरम्यान ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही. मशीन जुनं असेल आणि एडिट अडखळत असेल तर शटर एन्कोडर या प्रोग्रॅममधून प्रोरेस एलटी या एडिटला हलक्या फॉरमॅटमध्ये करून घ्या. ५५ मिनिटांची फुल एचडी फाइल ४० जीबीच्या घरात जाईल, पण टाइमलाइन सुरळीत चालेल.

फ्रेमरेट कोणता निवडायचा? फोनने ३० वर घेतलं असेल तर ३० स्थिर करा आणि २५ च्या टाइमलाइनवर तसंच टाका. सेकंदाला पाच फ्रेम गळतील. फोन स्टँडवर स्थिर असेल तर कुणाच्या लक्षात येणार नाही. फोन हातात धरून पॅन केले असतील तर किंचित धक्के जाणवतील आणि त्याला आता इलाज नाही. इंटरप्रिट फुटेजमध्ये जाऊन ३० ची क्लिप २५ ची आहे असं मात्र सांगू नका. ५५ मिनिटांचा अंक ६६ मिनिटांचा होईल आणि सिंकचा विषयच संपेल.

प्रीमियर प्रोमध्ये अशा क्लिपसाठी सोर्स सेटिंगमध्ये प्रिझर्व्ह ऑडिओ सिंक हा पर्याय असतो. पाच-दहा मिनिटांच्या मुलाखतीला तो चालतो. तासाभराच्या अंकाला, त्यात दोन कोनांचं मल्टिकॅम असेल तर, मी त्याच्या भरवशावर राहत नाही. रूपांतर एकदाच करावं लागतं. त्यातून मिळालेली खात्री पुढचे दोन दिवस कामाला येते.

रूपांतर झालं की वरची चाचणी पुन्हा करा. फोनचं चित्र आता स्वतःच्या आवाजाशी शेवटपर्यंत जुळायला हवं. रेकॉर्डरपासून तरीही दोन-चार फ्रेमचा फरक उरेल, कारण फोनलाही स्वतःचं घड्याळ आहे. तो फरक कॅमेऱ्यासारखाच हाताळायचा.

कॅमेऱ्याच्या तीन फ्रेमांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथेच सगळे चुकीच्या बाजूने कापतात.

आधी हे की तीन फ्रेम सुधारायलाच हवेत का? युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची आर ३७ ही शिफारस आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंद पुढे आणि ६० मिलिसेकंद मागे, एवढी मोकळीक देते. पुढच्या बाजूला मोकळीक कमी, कारण आवाज चित्रानंतर पोचण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. मैदानात बॅटचा फटका आधी दिसतो, मग ऐकू येतो. चित्राच्या आधी आलेला आवाज मात्र लगेच खटकतो. तर १२० मिलिसेकंद सुधारावे लागतील. पण सुरुवातीला जुळवून शेवटी सगळे १२० साचू देण्याऐवजी क्लिप अंकाच्या मधोमध जुळवली, तर दोन्ही टोकांना ६०-६० च उरतात. एकांकिका असती, अर्ध्या तासाची, तर एवढ्यावरच काम संपलं असतं. ५५ मिनिटांसाठी अजून थोडं करावं लागेल.

माझा नियम असा: रेकॉर्डरचा आवाज हा कणा. त्याला हात लावायचा नाही, चित्र सरकवायचं. आवाजात कापाकापी केली की हॉलची गुणगुण, पंखे, एसी, प्रेक्षकांची कुजबुज हे सगळं त्या सांध्यावर तुटतं आणि कानाला टक् असं लागतं. क्रॉसफेड टाकून, म्हणजे एक तुकडा दुसऱ्यात विरघळवून, ते झाकता येतं, पण ५५ मिनिटांत पंचवीस क्रॉसफेड कशाला? चित्र तर तुम्ही कोन बदलण्यासाठी कापणारच आहात. पडद्यावर फोनचा कोन असताना मागचा कॅमेरा एक फ्रेम सरकला तर कुणाला दिसणार? तुमचा एकूण ड्रिफ्ट तीन फ्रेम, म्हणजे साधारण दर १८ मिनिटांनी एक फ्रेम. अख्ख्या अंकात तीन जागी, एकेक फ्रेम. बस. ब्लॅकआउट असेल तर उत्तमच, नाहीतर दुसऱ्या कोनाच्या आड. मल्टिकॅम सीक्वेन्स उघडा, कॅमेऱ्याचा ट्रॅक त्या जागी कापा, पुढचा सगळा भाग एक फ्रेम सरकवा. पुढे सरकवल्यावर एका फ्रेमचं काळं भोक पडतं. ते दुसऱ्या कोनाखाली झाकलं जातंय याची खात्री करा, नाहीतर नंतर कट हलवताना ते उघडं पडतं आणि मोठ्या पडद्यावर लुकलुकतं.

कोन एकच असेल आणि चित्र कापायला जागाच नसेल, तरच आवाज ताणायचा. तो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ताणू नका. टक्केवारीचे दोन दशांश या कामाला तोकडे पडतात: ०.०१ टक्का म्हणजेच तासाला ३६० मिलिसेकंद, आणि तुम्हाला हवेत ०.००३६. ऑडासिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममधल्या वेग आणि पट्टी दोन्ही बदलणाऱ्या इफेक्टमध्ये थेट नवी लांबी देता येते. रीपर या तशाच प्रोग्रॅममध्ये ऑल्ट दाबून क्लिपची कड ओढली की ती हव्या त्या लांबीला ताणली जाते. सुरुवातीचा आणि शेवटचा एकेक टोकदार क्षण घ्या, त्यांच्यातलं अंतर कॅमेऱ्यात किती आणि रेकॉर्डरमध्ये किती ते मिलिसेकंदात काढा, आणि त्या गुणोत्तराने पूर्ण फाइलची नवी लांबी ठरवा. पट्टी जपण्याचा पर्याय बंदच ठेवा. इतक्या सूक्ष्म फरकाने गायकाचाही सूर हलल्याचं कळत नाही, उलट पट्टी जपण्याच्या खटाटोपात आवाज भुरकट होतो. मूळ फाइल बाजूला ठेवा, ताणलेली वेगळ्या नावाने जतन करा.

एक फायद्याची गोष्ट: त्याच कॅमेऱ्याची आणि त्याच रेकॉर्डरची जोडी पुढच्या प्रयोगातही साधारण तेवढीच हुकते. तापमानाने थोडा फरक पडतो, पण दिशा बदलत नाही. आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी मोजण्याआधीच अंदाज येईल, आणि आकडा अचानक बदललेला दिसला तर दुसरीकडे कुठेतरी पाणी मुरतंय हे कळेल.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मांडणीत हमखास असणार अशी एक गोष्ट: हॉलचं अंतर. मागच्या कॅमेऱ्यात चित्र तत्क्षणी पोचतं; आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटरने, एसी हॉलच्या तापमानाला. एका फ्रेमच्या ४० मिलिसेकंदांत तो जेमतेम १४ मीटर जातो. दोन रांगांतलं अंतर ९० सेंटिमीटर धरलं तर पंधरा रांगा म्हणजे एक फ्रेम. कॅमेरा विसाव्या रांगेजवळ असेल तर त्याच्या माइकला संवाद ५२ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तुम्ही मिक्सरचा आवाज त्या उशिरा पोचलेल्या आवाजाशी जुळवलात, म्हणजे चित्राच्या मानाने शुद्ध आवाजही ५२ मिलिसेकंद मागे गेला. सॉफ्टवेअर सांगतं सिंक अचूक. ओठ सांगतात सव्वा फ्रेम मागे. फोन रंगमंचापासून चार मीटरवर, त्याचा उशीर जेमतेम १२ मिलिसेकंद. त्यामुळे एका कोनातून दुसऱ्यात कट मारताना हालचालही एक फ्रेम मागे-पुढे होते, आणि कट बरोबर असूनही बोचतो. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र एक फ्रेम पुढे, म्हणजे टाइमलाइनवर उजवीकडे सरकवा. उरलेल्या १२ मिलिसेकंदांच्या मागे लागू नका.

इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, हे मान्य. हॉलचे स्पीकर रंगमंचाजवळ असतील तर वरचा हिशेब बसतो. बाजूच्या भिंतींवर, कॅमेऱ्याच्या जवळपास असतील तर कॅमेऱ्याला आवाज लवकर मिळतो आणि उशीर कमी भरतो. म्हणून रांगा मोजून आलेला आकडा अंदाजासाठी. अंतिम शब्द ओठांचा. आणि रेकॉर्डर साउंडवाल्याच्या टेबलावर, म्हणजे हॉलच्या मागेच असेल, तर त्याच्या स्वतःच्या माइकचे दोन ट्रॅकही त्याच उशिराचे असतात. मिक्सरच्या ट्रॅकमध्ये ते तसेच मिसळले की आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. हॉलचे ट्रॅक डावीकडे ओढून मिक्सरच्या ट्रॅकशी जुळवा, मगच मिसळा.

आवाज एका फ्रेमहून कमी सरकवायचा झाला तर प्रीमियरमध्ये टाइमलाइनच्या मेनूतून शो ऑडिओ टाइम युनिट्स लावावं लागतं. फायनल कटमध्ये ऑप्शनसोबत स्वल्पविराम किंवा पूर्णविरामाची कळ दाबली की क्लिप फ्रेमच्या ऐंशीव्या भागाने सरकते. रिझॉल्व्हमध्ये हे काम फेअरलाइट पानावर करा.

उड्यांबद्दल थोडक्यात. बरेच जुने मिररलेस कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबतात, काही ४ जीबीला नवी फाइल सुरू करतात. थांबून पुन्हा सुरू केलं असेल तर मधे काही सेकंद गेलेच. आपोआप नवी फाइल झाली असेल तरी सांध्यावर एखाददुसरा फ्रेम गळू शकतो. म्हणून तुकडे आधी जोडून मग सिंक करू नका. प्रत्येक तुकडा रेकॉर्डरच्या आवाजाशी स्वतंत्र जुळवा. एव्हीसीएचडी फॉरमॅटवाला जुना हँडिकॅम असेल तर कार्डातल्या नुसत्या क्लिपा उचलू नका. अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून मीडिया ब्राउझरमधून घ्या, नाहीतर सांध्यांवर आवाजात बारीक खाचा पडतात. रेकॉर्डरही याला अपवाद नाही: २ जीबीला फाइल तोडणारा रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओवर साधारण दोन तासांनी फाइल तोडतो; चार ट्रॅक एकाच फाइलमध्ये घेत असेल तर तासाभरातच.

आपोआप सिंक साफ चुकीच्या जागी बसण्याचा प्रकार नाटकात वारंवार होतो, आणि दोष बहुधा पार्श्वसंगीताचा असतो. प्रत्येक प्रवेशबदलाला तोच आठ सेकंदांचा तुकडा वाजत असेल तर सॉफ्टवेअरला पहिला आणि चौथा सारखाच दिसतो. क्लिप हातानेच पाच-दहा सेकंदांच्या आत आणून ठेवा आणि मग बटण दाबा. किंवा संवाद असलेला, संगीत नसलेला भाग इन-आउट लावून त्यावरूनच सिंक करा. विनोदी नाटकात हशे टाळा: हॉलमधल्या माइकला हशा प्रचंड ऐकू येतो, मिक्सरमध्ये जवळपास नसतोच, त्यामुळे दोन्ही वेव्हफॉर्म एकमेकांना ओळखत नाहीत. तरीही जमलं नाही तर दोन्ही क्लिपांवर एम दाबून मार्कर टाका आणि मार्करवरून जुळवा. त्यात कमीपणा काही नाही. मोठ्या सेटवरसुद्धा क्लॅप मारतात तो यासाठीच.

आणि एवढं सगळं करण्याआधी कानातला ब्लूटूथ काढा. ब्लूटूथचा आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येणं रोजचंच आहे. काही प्रोग्रॅम तो उशीर भरून काढतात, काही नाही. ब्लूटूथवर ऐकत सिंक लावला तर तुम्ही हेडफोनचा दोष टाइमलाइनमध्ये कोरून ठेवता, आणि निर्मात्याने वायरवाल्या स्पीकरवर लावलं की आवाज ओठांच्या आधी धावतो. टीव्हीला एचडीएमआयने जोडून तपासतानाही टीव्हीचा गेम मोड लावा.

एका ओळीत इथवरचं: फोनची क्लिप आधी स्थिर करा, प्रत्येक तुकडा वेगळा जुळवा, मधोमध जुळवा, मागचं चित्र अंतरापोटी एक फ्रेम सरकवा, उरलेला ड्रिफ्ट चित्राच्या कटांमध्ये जिरवा, आवाज अखंड ठेवा.

पुढच्या प्रयोगाला यातलं बरंचसं टळेल. कॅमेरा २५ वर, शटर १/५० वर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/६० वर नाट्यगृहातल्या काही दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतात. फोनमधल्या कॅमेऱ्यात २५ चा पर्याय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं ॲप घ्या. त्यात फ्रेमरेट आणि शटर दोन्ही बांधून ठेवता येतात, आणि अंधार झाला तरी फोन मनमानी करत नाही. आयफोन असेल तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पाल (२५ फ्रेमचा) फॉरमॅट दाखवायला सांगा आणि ऑटो एफपीएस, म्हणजे आपोआप बदलणारा फ्रेमरेट, बंद करा. तरीही फाइल मीडियाइन्फोमध्ये बघूनच एडिटला घ्या; ॲपमध्ये बांधलेला फ्रेमरेटही थोडासा हलू शकतो. फोन फ्लाइट मोडवर. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक कधीच बंद नको, आणि त्याची लेव्हल ऑटोवर न ठेवता टाळ्यांना फुटणार नाही इतकी खाली.

टाळी मात्र नक्की घ्या, एक नव्हे, दोन. तिसऱ्या घंटेच्या आधी सगळी यंत्रं चालू झाली की एकाला पडद्यासमोर उभं करा, हात दोन्ही कॅमेऱ्यांना दिसतील असे वर धरून एकच खणखणीत टाळी. रंगमंचाच्या काठावरचा माइक साउंडवाल्याने त्या क्षणी उघडा ठेवलाय ना ते आधी विचारा. मिक्सरच्या ट्रॅकवर टाळीच नाही, अशी गंमत याच एका कारणाने होते. पडदा पडल्यावर, यंत्रं बंद करण्याआधी, त्याच जागी दुसरी टाळी. पहिली टाळी सिंक देते, दुसरी ड्रिफ्ट मोजून देते. टाळीचा फ्रेम निवडताना तळवे जवळ येत असलेला धूसर फ्रेम नव्हे, तर तळवे पहिल्यांदा पूर्ण भिडलेला फ्रेम धरायचा. १/५० शटरला ते दोन शेजारचे फ्रेम सहसा स्पष्ट वेगळे ओळखू येतात.

टाइमकोडची यंत्रं घ्यावीत का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. दोन कॅमेरे आणि सलग अंक यासाठी नको. टाइमकोड प्रत्येक क्लिप कुठे सुरू झाली ते सांगतो. क्लिप सुरू झाल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ कसं चालेल यावर त्याचा ताबा नसतो, त्यामुळे ५५ मिनिटांच्या एका सलग क्लिपमधला ड्रिफ्ट तो थांबवत नाही. चार-पाच कॅमेरे, दिवसभर तुकड्यातुकड्याने शूटिंग, शेकडो क्लिपा, अशा कामात तो पैसे वसूल करून देतो. तुम्ही तेच पैसे फोनऐवजी दुसऱ्या तशाच कॅमेऱ्याच्या भाड्यावर घाला.

दुसरा अंक अजून कापला नसेल तर त्याच्यावर हे पहिल्यापासून करून बघा. पहिल्या अंकात आवाज जागोजागी कापून झालाय, तो सुधारत बसू नका. ती टाइमलाइन संदर्भाला ठेवा, नवी उघडा आणि रेकॉर्डरची मूळ अखंड फाइल टाकून सुरुवात करा. पाच जागांचे आकडे काढून झाले आणि त्यांची चाल वर सांगितलेल्यांपैकी कशातच बसत नसेल, तर ते आकडे आणि मीडियाइन्फोमधली फोनची माहिती इथे टाका, मग पुढचं बघू.